उपक्रमाचा पराक्रम : प्रतिपादनपर निबंधाच्या पहिल्या परिच्छेदाचा विचार

१

निबंधाची चर्चा करताना मराठी टीकेने विषय, शैली आणि लेखकाचे व्यक्तिमत्त्व या तीन गोष्टींचा भरपूर ऊहापोह केलेला आहे. निबंधाचा आरंभ मात्र तिने बहुधा शालेय रचनापुस्तकांच्या हवाली केला. त्या पुस्तकांतून आरंभासंबंधी जो उपदेश मिळतो तो सर्वांच्या परिचयाचा आहे. आरंभ आकर्षक असावा. एखादे सुभाषित, एखादा प्रश्न किंवा एखादी चटकदार आख्यायिका योजून वाचकाचे लक्ष वेधून घ्यावे. आणि मग हळूच विषयाकडे वळावे. ललित निबंधाच्या बाबतीत हा उपदेश निरुपद्रवी म्हणता येईल. तेथे वाचकाला कोठे न्यावयाचे हे लेखकाला पुष्कळदा वाटेतच ठरविता येते. परंतु ज्या निबंधाला वाचकाचे मत पालटावयाचे असते, त्याच्या बाबतीत हा उपदेश अपुरा तर आहेच, शिवाय दिशाभूल करणाराही आहे.

वाचक अशा निबंधाकडे रिकाम्या मनाने येत नाही. विषयासंबंधी त्याचे काही मत आधीच बनलेले असते. पुष्कळदा ते त्याच्या आईबापांचे, जातीचे, धंद्याचे किंवा वर्तमानपत्राचे मत असते आणि म्हणूनच ते त्याला स्वतःचे वाटते. या बनलेल्या मताशी पहिली गाठ पडते ती पहिल्या परिच्छेदाची. तेव्हा त्या परिच्छेदाने काय करावे, हा प्रश्न सजावटीचा राहत नाही. लेखक आणि वाचक यांच्यामध्ये कोणत्या प्रकारचा व्यवहार होणार आहे, हे तेथेच ठरते. वाचकाच्या स्थिर समजुतीला न्याय्य संशयाच्या पातळीवर आणणे आणि त्या संशयाच्या निरसनाची जबाबदारी उघडपणे पत्करणे, हे प्रतिपादनपर निबंधाच्या आरंभाचे खरे कार्य होय. हे कार्य पाश्चात्त्य वक्तृत्वशास्त्राने कसे पाहिले, भारतीय शास्त्रपरंपरेने कसे पाहिले आणि एकोणिसाव्या-विसाव्या शतकांतील मराठी निबंधकारांनी ते प्रत्यक्षात कसे पार पाडले, या तीन अंगांनी त्याचा विचार करता येतो.

२

लक्ष वेधून घेण्याच्या कल्पनेचा समाचार ॲरिस्टॉटलने फार पूर्वीच घेतलेला आहे. वक्तृत्वशास्त्रावरील आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात तो म्हणतो की भाषणाची आवश्यक अंगे दोनच : विधान आणि त्याचे प्रमाण. बाकीचे सारे श्रोत्यांच्या दुर्बलतेमुळे जोडावे लागते. पुढे प्रस्तावनेचा विचार करताना त्याने एक मार्मिक निरीक्षण नोंदविले आहे. श्रोत्यांना अवधान देण्याची विनंती करणे भाषणात कोठेही जरूर पडेल. पण ती आरंभीच करणे हास्यास्पद आहे, कारण आरंभी तर प्रत्येकजण कान देऊन ऐकतच असतो. लक्ष ढळते ते पुढे. मग प्रस्तावनेचे स्वतःचे असे काम कोणते? प्रतिपादनाचा रोख कोणत्या दिशेने आहे हे दाखविणे, हेच त्याच्या मते तिचे आवश्यक काम. आरंभाचे टोक ज्याच्या हाती दिले, त्याला पुढचा धागा धरून चालता येते.

सिसरोने तरुणपणी लिहिलेल्या वक्तृत्वविषयक ग्रंथात याच विषयाचा व्यवहाराच्या अंगाने विस्तार केला. श्रोता सद्भावयुक्त, अवधानयुक्त आणि ग्रहणोत्सुक व्हावा, हे त्याने सांगितलेले प्रस्तावनेचे त्रिविध प्रयोजन प्रसिद्धच आहे. त्याहून मोलाची आहे ती त्याने दिलेली प्रस्तावनेच्या दोषांची यादी. जी प्रस्तावना अनेक प्रकरणांना चिकटविता येते ती सामान्य. जी दोन्ही पक्षांना सारखीच चालते ती समाईक. जी थोडा फेरफार करून प्रतिपक्षाला आपल्या कामी लावता येते ती परिवर्तनीय. आणि भाषणाच्या देहाशी जिचा अवयवासारखा संबंध नाही ती विलग. या चार दोषांचे मूळ एकच आहे. प्रस्तावना विषयातून उगवलेली नसून बाहेरून आणून जोडलेली आहे, हे ते मूळ.

गंमत अशी की या दोषाचे सर्वांत बोलके उदाहरण सिसरोनेच मागे ठेवले आहे. त्याच्याजवळ आगाऊ लिहून ठेवलेल्या प्रस्तावनांची एक वही होती. इ. स. पू. ४४ मध्ये कीर्तीवरील आपला ग्रंथ ॲटिकसकडे पाठविताना त्याने तीतून एक प्रस्तावना उचलली. तीच प्रस्तावना आपण आधीच्या एका तत्त्वचर्चात्मक ग्रंथाला लावलेली होती, हे त्याच्या मागाहून ध्यानात आले. आणि जुनी प्रस्तावना कापून तिच्या जागी नवी चिकटवावी, असे त्याने मित्राला पत्राने कळविले. जी प्रस्तावना दोन भिन्न ग्रंथांना बिनबोभाट शोभते, ती दोहोंपैकी कोणाचीच नव्हे, हा धडा त्यातून सहज मिळतो. आणि सिसरोच्याच एका संवादात अँटोनियस हे पात्र जे सांगते तो या दोषावरचा उतारा आहे. भाषणात जे प्रथम म्हणावयाचे त्याचा विचार तो सर्वांत शेवटी करतो. कारण आधीच आरंभ शोधू गेल्यास क्षुद्र, सामान्य किंवा भलतेच काही हाती लागते.

मराठी विद्यार्थ्यांच्या आणि वक्त्यांच्याही लेखनात सिसरोची ही वही अजून फिरते आहे. आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे; मानव हा समाजप्रिय प्राणी आहे; भाषा हे संस्कृतीचे वाहन आहे : अशा वाक्यांनी आरंभ झालेले निबंध कोणत्याही परीक्षकाने शेकड्यांनी वाचलेले असतात. ही वाक्ये खोटी नाहीत. ती इतकी खरी आहेत की त्यांच्याशी कोणाचाही वाद संभवत नाही, आणि म्हणूनच त्यांच्यातून कोणताही वाद जन्मास येत नाही.

३

भारतीय शास्त्रपरंपरेने आरंभाकडे अधिक गांभीर्याने पाहिलेले आहे. ग्रंथारंभी अनुबंधचतुष्टय सांगितले पाहिजे, असा संकेत येथे दृढ झाला. ग्रंथाचा विषय काय, त्याचे प्रयोजन काय, ग्रंथाचा त्या विषयाशी व प्रयोजनाशी संबंध कोणता आणि तो वाचण्याचा अधिकारी कोण, या चार प्रश्नांची उत्तरे दिल्यावाचून ग्रंथकाराला पुढे पाऊल टाकता येत नसे. प्रयोजन सांगितल्याखेरीज कोणी कशाचाही स्वीकार करीत नाही, असे कुमारिलभट्टांनी श्लोकवार्तिकाच्या आरंभीच बजावले आहे. वाचकाचा वेळ मागणाऱ्याने आधी स्वतःचा हिशेब द्यावा, असा या संकेताचा अर्थ आहे.

परंतु अनुबंधचतुष्टय हे शास्त्रग्रंथाचे द्वार झाले. वादाचे द्वार याहून निराळे आहे. ते मीमांसकांच्या अधिकरणरचनेत सापडते. तेथे विषय मांडून झाला की लगेच सिद्धांत येत नाही. मध्ये संशय येतो, मग पूर्वपक्ष, आणि त्यानंतर उत्तरपक्ष. न्यायभाष्यकार वात्स्यायनांनीही हेच तत्त्व दुसऱ्या शब्दांत सांगितले आहे. जे मुळीच ठाऊक नाही त्याविषयी युक्तिवाद प्रवृत्त होत नाही, आणि जे निश्चित झालेले आहे त्याविषयीही नाही. संशयित अर्थाच्या ठायीच त्याला प्रवेश मिळतो. प्रतिपादनपर निबंध लिहिणाऱ्यासमोर बहुधा निश्चित मताचा वाचक असतो. त्या निश्चितीला दोन कोटींत उभे केल्यावाचून युक्तिवादाला जागाच मिळत नाही. आरंभाचा परिच्छेद ही जागा मोकळी करतो.

आरंभाच्या सामर्थ्याचे मर्म मात्र मीमांसेतील आणखी एका विचारात आहे. एखाद्या प्रकरणाचे तात्पर्य ठरविण्यासाठी जी गमके सांगितली जातात, त्यांत उपक्रम आणि उपसंहार यांची जोडी प्रथम येते. आता या दोहोंत विरोध आढळला तर बलवान कोण? जैमिनीय सूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात असा प्रसंग उद्भवतो. तेथे वाक्याच्या आरंभी वेदांचा उल्लेख आहे आणि शेवटी येणाऱ्या विधीत ऋक्, यजुस्, साम हे शब्द आहेत. निर्णय असा की आरंभाला अनुसरून शेवटच्या शब्दांचाही अर्थ वेद असाच घ्यावयाचा. याचे कारण मोठे सूचक आहे. उपक्रम कानावर पडतो तेव्हा त्याच्या विरोधी असे काहीही अद्याप जन्मलेले नसते. तो असंजातविरोधी असतो. मागाहून येणाऱ्याला आधी आलेल्याशी जुळवून घ्यावे लागते. सोळाव्या शतकात अप्पय्य दीक्षितांनी या पक्षाच्या समर्थनार्थ ‘उपक्रमपराक्रम’ नावाचे प्रकरण लिहिले, आणि माध्व संप्रदायातील विजयींद्रतीर्थांनी ‘उपसंहारविजय’ लिहून त्याला उत्तर दिले. वाद वेदवाक्यांच्या अर्थाचा असला तरी त्यातील मानसशास्त्र निबंधालाही लागू पडते.

पहिला परिच्छेद वाचला जातो तेव्हा वाचकाच्या मनात प्रतिवादी अजून उठून बसलेला नसतो. लेखक जो शब्द वापरील तो शब्द, जी चौकट आखील ती चौकट, वाचक काही काळ तरी विनातक्रार मान्य करतो. हा आरंभाचा पराक्रम होय. आणि येथेच त्याची नैतिक अडचणही उभी राहते. विरोध जन्मण्यापूर्वी मिळालेल्या या सवलतीचा लेखक दोन प्रकारे उपयोग करू शकतो. विरोध जन्मूच नये अशी व्यवस्था करणे हा एक प्रकार. आणि विरोधाला आपल्याच हाताने, त्याच्या सर्वांत सबळ रूपात जन्म देणे हा दुसरा. प्रचारपत्रक पहिला मार्ग धरते, निबंध दुसरा.

४

मराठीत प्रतिपादनपर गद्याचा प्रवाह ‘प्रभाकर’ पत्रात १८४८ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या लोकहितवादींच्या पत्रांपासून जोमाने वाहू लागला. त्या प्रवाहातील काही आरंभ या दृष्टीने तपासण्याजोगे आहेत.

जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’चा (१८७३) उपक्रम पहिल्या संवादाच्याही आधी, अर्पणपत्रिकेत आहे. गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी अमेरिकेतील सज्जनांनी दाखविलेल्या निःस्वार्थ त्यागाबद्दल हा ग्रंथ त्यांना अर्पण केलेला आहे, आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्र बांधवांच्या मुक्तीसाठी तो कित्ता गिरवावा अशी इच्छा तीत व्यक्त केली आहे. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली ती १८६५ मध्ये. म्हणजे घटना ताजी होती, आणि नव्याने इंग्रजी शिकलेल्या सुशिक्षितांना ती वंदनीय वाटत होती. जोतीरावांनी या वाचकाला त्याचेच एक मत परत दिले. सातासमुद्रापलीकडची गुलामगिरी निंद्य, हे तुम्हांला मान्य आहे. मग घरातल्या व्यवस्थेला कोणते नाव द्यावयाचे? हा प्रश्न अर्पणपत्रिकेत शब्दशः विचारलेला नाही. दोन देश एका वाक्यात शेजारी ठेवल्याबरोबर तो वाचकाच्या मनात आपोआप उठतो. ग्रंथाचे नावच येथे पक्ष झालेले आहे आणि अर्पणपत्रिका हा त्याचा दृष्टांत. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्येही (१८८३) उपक्रमाच्या काही पद्यपंक्तींतच एका अभावातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा अशी हानीची साखळी ओवून सबंध ग्रंथाचे प्रतिपादन बीजरूपाने सांगून टाकलेले आहे.

ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुषतुलना’ (१८८२) या निबंधाला तत्कालीन निमित्त होते. सुरत येथील विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर १८८१ मध्ये बालहत्येचा खटला झाला. तिला झालेल्या शिक्षेच्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या नीतीवर तोंडसुख घेण्यात आले. असे असता ताराबाईंची प्रस्तावना खटल्यापासून किंवा संतापापासून सुरू होत नाही. ज्या ईश्वराने ही सृष्टी केली त्यानेच स्त्री आणि पुरुष दोघांनाही केले, या सर्वमान्य गोष्टीपासून ती निघते आणि लगेच संशय उभा करते : सारे दुर्गुण स्त्रियांच्याच अंगी असतात, की स्त्रियांच्या अंगी जे आहेत तेच पुरुषांच्याही अंगी आहेत? शास्त्रकाराने नोंद घ्यावी अशा रीतीने संशयाच्या दोन्ही कोटी येथे पहिल्याच दमात मांडलेल्या आहेत, आणि त्या स्पष्ट करून दाखविणे हेच निबंधाचे प्रयोजन म्हणून सांगितले आहे. त्याच प्रस्तावनेत, आपण घरात कोंडलेली, अल्पबुद्धीची बाई असून हा आपला पहिलाच प्रयत्न आहे, असा विनयही त्या करतात. हा विनय संकेताचा खरा. पण पुढील पानांतील भाषेची धार पाहिली म्हणजे त्या विनयाचा दुसरा अर्थ उलगडतो. जिला बोलण्याचा अधिकारच नाही असे समाज मानतो, तिने ती अधिकारहीनता आरंभीच नोंदवून ठेवली की तिच्या प्रत्येक सिद्ध झालेल्या मुद्द्याबरोबर अधिकाराची ती कल्पनाच खोटी पडत जाते.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या निबंधमालेचा (१८७४–८१) थाट याहून अगदी निराळा. निबंधाच्या माथ्यावर संस्कृत सुभाषित, मग एखादे व्यापक तत्त्व, त्याच्या खुलाशाचा ऐसपैस विस्तार आणि त्यानंतर प्रस्तुत विषय, अशी ही चाल अनेक ठिकाणी दिसते. घाईच्या वाचकाला ती आज लांबण वाटेल. परंतु मालेचा वाचक मासिकाचा वर्गणीदार होता. तो एका पंडिताच्या सहवासात येऊन बसत होता, आणि सुभाषिताने त्या सहवासाची पातळी ठरत होती. ‘आमच्या देशाची स्थिती’ या शेवटच्या मोठ्या निबंधाच्या नावातील पहिला शब्दच खरा उपक्रम आहे. ‘आमच्या’ या शब्दाने वाचक आणि लेखक एका बाजूला बसतात. जो वाचक त्या ‘आम्ही’त सहज सामावतो त्याला या शब्दाने बळ येते, जो सामावत नाही त्याला तो शब्द उंबरठ्यावरच थांबवितो. जोतीरावांच्या वाचकाला त्या ‘आम्ही’त जागा होती की नाही, हा प्रश्न मराठी निबंधाच्या इतिहासात कायमचा उभा आहे.

अग्रलेखाच्या बाबतीत ॲरिस्टॉटलचे आणखी एक सूत्र प्रत्ययास येते. सल्लामसलतीच्या भाषणाला प्रस्तावनेची गरज सर्वांत कमी, कारण विषय श्रोत्यांना आधीच ठाऊक असतो. १८९७ च्या जुलै महिन्यात, रँडच्या वधानंतर पुण्यात धरपकडीचे वातावरण असता, ‘केसरी’चा वाचक कोणत्या विषयावर लेख येणार हे जाणून होता. ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ या लोकमान्य टिळकांच्या मथळ्यानेच विषय, संशय आणि पक्ष ही तिन्ही कामे उरकून टाकली. लेखाला प्रमाणांकडे वळण्यास मोकळीक मिळाली. आगरकरांचे ‘स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत’ हे शीर्षकही असेच आहे. तेथे पक्ष इतका उघड्या शब्दांत सांगितलेला आहे की हसण्यासाठी आलेल्या वाचकालाही कारणे ऐकून घ्यावी लागतात.

शिवराम महादेव परांजपे यांच्या ‘काळ’ पत्रातील (१८९८ पासून) वक्रोक्तीचा प्रकार मात्र वेगळा. श्रोता प्रतिकूल असेल तर सरळ प्रस्तावना टाकून आडवळणाने त्याच्या मनात शिरावे, असे सिसरो सांगतो. परांजप्यांचा वाचक प्रतिकूल नव्हता. प्रतिकूल होता तो राजद्रोहाचे कलम हाती घेऊन वाचणारा तिसरा वाचक. त्यामुळे त्यांच्या आडवळणाने मित्राला खूण आणि शत्रूला बगल अशी दोन कामे एकदम केली. आरंभाची रीत ठरविताना लेखकासमोर एकच वाचक असतो हे गृहीतही किती कच्चे आहे, ते यावरून दिसेल.

या परंपरेतील सर्वांत शिकवून जाणारा आरंभ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. शिरोभागी तुकारामांचा अभंग होता आणि आत ‘मनोगत’ हा अग्रलेख. त्याचे पहिले वाक्य सशर्त आहे. कोणी केवळ प्रेक्षक म्हणून या देशाकडे पाहील तर त्याला तो विषमतेचे माहेरघर वाटेल, असे ते सुचविते. वादी म्हणून बोलण्याचा ज्याला पुरेपूर हक्क होता, त्याने वाचकाला प्रथम वादापासून दूर, प्रेक्षकाच्या आसनावर बसविले. मग जी पहिली विषमता दाखविली ती जातीची नव्हे. भूमीची सुपीकता आणि तिच्यावर जगणाऱ्यांचे दारिद्र्य यांतील ती विषमता आहे. ही तक्रार त्या काळच्या कोणत्याही राष्ट्रवादी वाचकाला पाठ होती. तो मान डोलावणार हे निश्चित. त्या होकाराच्या पाठोपाठ माणसामाणसांतील विषमता येते आणि पुढे समाजरूपी मनोऱ्याची ती प्रसिद्ध प्रतिमा, ज्याच्या एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाण्यास शिडीच नाही. विषमता या एकाच शब्दाच्या आधाराने वाचक स्वतःच्या तक्रारीपासून दुसऱ्याच्या तक्रारीपर्यंत येऊन पोहोचतो. पहिली अन्याय्य असेल तर दुसरी न्याय्य कशी, हा संशय त्याला टाळता येत नाही. टिळकांच्या मथळ्याला ‘आम्ही’ मिळालेला होता. येथे तो पहिल्या परिच्छेदात घडवावा लागला.

५

वाचकाच्या मान्य मतापासून निघणे ही रीत या सर्वांत समान आहे. परंतु हीच रीत किती धोक्याची आहे हे जोनाथन स्विफ्टच्या १७२९ मधील उपरोधिक प्रस्तावाने कायमचे दाखवून ठेवले आहे. त्याचा आरंभ डब्लिनच्या रस्त्यांवरील भिकारणी आणि त्यांच्या पाठीमागून चिंध्यांत चालणारी मुले यांच्या करुण दृश्याने होतो. या मुलांना राष्ट्राच्या उपयोगी पाडण्याचा स्वस्त आणि सोपा उपाय जो काढील त्याचा पुतळा उभारला पाहिजे, असे तेथे म्हटले आहे. वाचक मुलांच्या कणवेने होकार देतो. पण त्या होकारात, माणसाचे मोल उपयुक्ततेने आणि खर्चाच्या हिशेबाने करावयाचे, ही चौकटही तो नकळत मान्य करून बसतो. पुढे त्याच हिशेबाने मुले खाण्यासाठी विकण्याची योजना निघते तेव्हा तो दचकतो. स्विफ्टला हा दचकाच हवा होता, म्हणून त्याचा आरंभ कलात्मक दृष्ट्या प्रामाणिक ठरतो. पण हीच युक्ती दचका न देता वापरली गेली तर? करुण दृश्य, सर्वसंमत भावना, तिच्या पोटात दडविलेली चौकट आणि शेवटी एक भयंकर निष्कर्ष, हा क्रम विसाव्या शतकातील प्रचारतंत्राने राजरोस वापरलेला आहे.

मग आंबेडकरांचा आरंभ आणि प्रचारकाचा आरंभ यांत भेद कोणता? दोघेही वाचकाच्या होकारापासून निघतात. भेद असा की एकाने वाचकाकडून घेतलेला होकार उघड्यावर राहतो. विषमता हा शब्द दोन्ही ठिकाणी एकाच अर्थाने वापरलेला आहे. वाचकाला तो तपासता येतो आणि पटला नाही तर कोणत्या पायरीवर पटला नाही हे सांगता येते. दुसऱ्याचा होकार दृश्याला दिलेला असतो आणि वसूल केला जातो तो चौकटीसाठी. पहिल्या परिच्छेदातील मान्यता निबंध संपल्यावर पुन्हा वाचली असता वाचकाला फसविल्यासारखे वाटते की नाही, ही त्याची कसोटी होय. उपक्रम आणि उपसंहार यांचा मेळ मीमांसकांनी तात्पर्यासाठी पाहिला. प्रतिपादनाच्या सचोटीसाठीही तो पाहावा लागतो.

६

हे विवेचन व्यवहारात कसे उतरते हे एका उदाहरणाने पाहता येईल. विद्यापीठीय शिक्षण मातृभाषेतून द्यावे, हा पक्ष मांडणारा निबंध घ्या. भाषा हे संस्कृतीचे वाहन असून मातृभाषेवर प्रत्येकाचे प्रेम असते, अशा वाक्याने त्याचा आरंभ झाला तर सिसरोचे चारही दोष त्याला लागतात. इंग्रजीचा पुरस्कर्ताही हेच वाक्य घेऊन, म्हणूनच घरी मातृभाषा जपा आणि महाविद्यालयात इंग्रजी शिका, असे म्हणू शकेल. आता हाच आरंभ असा करून पाहावा : ‘भाजी विकून मुलाच्या इंग्रजी शाळेची फी भरणारी आई भोळी नाही. वरिष्ठ न्यायालयांची आणि मोठ्या पगाराच्या नोकऱ्यांची भाषा कोणती हे तिने अचूक ओळखले आहे. प्रश्न तिच्या निवडीचा नाही. ज्या भाषेत चाकरी करावयाची त्याच भाषेत प्रथम समजूनही घेतले पाहिजे, हे जे तिला सांगण्यात आले आहे, ते खरे आहे काय?’

या दुसऱ्या आरंभात अलंकार असा एकही नाही. पण त्याने पुष्कळ कामे उरकलेली आहेत. प्रतिपक्षाचे सर्वांत सबळ कारण त्याने आपल्या तोंडाने, आदराने मांडले. त्यामुळे विरोधी वाचकाला आपले म्हणणे ऐकले गेले असे वाटेल. चाकरीची भाषा आणि समजण्याची भाषा हे दोन वेगळे प्रश्न एकात मिसळले गेले आहेत, हे दाखवून त्याने संशयाचे नेमके ठिकाण निश्चित केले. त्या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी लेखकाच्या अंगावर येऊन पडली; यापुढे मातृभाषेची थोरवी गाऊन त्याला सुटका नाही, आकलनाविषयी प्रमाणे आणावीच लागतील. आणि हा परिच्छेद प्रतिपक्षाला उचलून नेता येणार नाही. नेलाच तर त्याला तोच प्रश्न सोडवावा लागेल.

असा आरंभ लेखणी उचलताच सुचत नाही. प्रतिपक्षाचे सबळ कारण कोणते हे सबंध युक्तिवाद रचून झाल्यावरच लेखकाला उमगते. अँटोनियसने आरंभाचा विचार शेवटी करावा असे म्हटले ते याच अर्थाने घ्यावयाचे. कच्च्या लेखातील पहिला परिच्छेद बहुधा लेखकाने स्वतःला धीर देण्यासाठी लिहिलेला असतो. लेख पुरा झाल्यावर तो काढून टाकला तर पुष्कळदा काहीच उणे पडत नाही. लांबीविषयीही वेगळा नियम करण्याचे कारण नाही. संशय जितक्या शब्दांत उभा राहील तितके शब्द पुरेत. टिळकांना एक मथळा पुरला, ताराबाईंना दोन कोटींचा एक प्रश्न पुरला, आंबेडकरांना एक सबंध परिच्छेद लागला. कारण त्यांच्या आणि वाचकाच्या मधले अंतर तेवढे मोठे होते.

अनुबंधचतुष्टयातील अधिकारी या शब्दाला आधुनिक निबंधाने नवा अर्थ दिला आहे, असे या साऱ्यावरून म्हणता येईल. शास्त्रात अधिकारी कोण हे ग्रंथाच्या आधी ठरलेले असे. ज्याला तो अधिकार नाही त्याने ग्रंथ उघडावयाचा नव्हता. प्रतिपादनपर निबंधाचा खरा अधिकारी मात्र तोच, ज्याचे मत लेखकाच्या विरुद्ध आहे. त्याच्यासाठी दार उघडे ठेवणे आणि आत आल्यावर त्याला फसविल्यासारखे वाटू न देणे, एवढ्यासाठी पहिला परिच्छेद लिहावयाचा असतो. जो निबंध अनुकूल वाचकांनाच आत घेतो, त्याला आरंभाची गरज नाही. आणि खरे पाहता, त्याला प्रतिपादनाचीही गरज नाही.